तुझे लाड, माझी इंजेक्शनं

महानंदा, तुला मातीत बसवलं तेव्हासुद्धा तुझी वेणी कमरेपर्यंत होती. जंगमांनी कपाळावर विभूती ओढली, डाव्या तळहातावर तुझं इष्टलिंग ठेवलं, वर बेल वाहिला. तुझ्या जावेनं त्याआधीच वेणीवर अबोलीचा गजरा माळला होता. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. मीही रडत होते, पण खरं सांगते, माझी नजर सारखी त्या वेणीकडे जात होती. माझे केस परत आले ते आखूड, राठ आणि कानांजवळ पांढरे. तू जातानासुद्धा माझ्यापेक्षा देखणी होऊन गेलीस.

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. गोड बोलायला तुझे सोयरे आहेत, उदगीरचा अख्खा अडत बाजार आहे. तुझ्यामाझ्यात ती पद्धत कधी नव्हतीच. मी तुझ्यावर जळायचे आणि तुला ते पक्कं ठाऊक होतं, तरी तू मला सोडलं नाहीस आणि मी तुला. आता तू गेलीस म्हणून मी एकदम साळसूद व्हायचं, हे काही मला जमायचं नाही.

आपली ओळख हैदराबादच्या दवाखान्यातली. शेजारशेजारच्या खाटा. मी मुखेडच्या शाळेतली मास्तरीण, बौद्ध घरातली. तू उदगीरच्या धान्याच्या अडत दुकानदाराची बायको, गळ्यात लिंग धारण करणाऱ्या घरातली. एरवी आपण एकमेकींच्या उंबऱ्यावर गेलो नसतो. ऑपरेशनच्या पट्टीवर लिंगाची दोरी घासते म्हणून तू ती उजव्या अंगाला सरकवून घेत होतीस आणि मी बघत होते. मग तू सरळ विचारलंस, "मास्तरीण, तुजी कोणती गेली? डावी? माजी बी डावीच." आणि टाके दुखत असताना फिसकन हसलीस. त्या हसण्यानं मी तुझी झाले. हेवा नंतर सुरू झाला.

टाके काढले त्या दिवशी डॉक्टरांनी आपल्या दोघींना समोर बसवून त्यांच्या हैदराबादी हिंदीत समजावलं. गाठ गेली, काखेतलंही काढून टाकलं. पण एखादं बारीक बीज आधीच रक्तातून कुठं जाऊन पडलं असेल तर ते आज दिसणार नाही, काही वर्षांनी उगवेल. म्हणून आता सहा महिने दर महिन्याला यायचं, शिरेतून औषध घ्यायचं, घरी गोळ्या खायच्या आणि पाणी भरपूर प्यायचं. आजारी माणसाला औषध देऊन बरं करतात हे आपल्याला माहीत होतं. बऱ्या झालेल्या माणसाला औषध देऊन आजारी पाडतात, हे आपण दोघींनी पहिल्यांदाच ऐकलं.

पहिल्या वेळी मी मुखेडहून एकटी निघाले. आमचे हे मुखेडच्या स्टँडवर कंट्रोलर. त्यांनी मला गाडीत बसवलंसुद्धा नाही, त्यांची ड्यूटी होती. कर्ण्यावरून त्यांचा आवाज आला, उदगीरला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे, प्रवाशांनी बसून घ्यावं. तोच माझा निरोप. एकदा फाट्यावरून पळत आलेलं सबंध वऱ्हाड बाशिंग बांधलेल्या नवरदेवासकट मागं राहिलं, पण त्यांनी गाडी थांबवली नाही. आमदाराच्या माणसांसाठी थांबवली नाही. त्यांची स्वतःची आई, माझी सासू, पिशवी घेऊन हाका मारत येत होती, तिलाही पुढच्या गाडीनं जायला सांगितलं. असल्या माणसाकडून मी हात हातात घेण्याची काय अपेक्षा करणार?

आणि उदगीरच्या स्टँडवर तू. सोबत काशिनाथअप्पा. त्यांच्या एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात मोसंब्यांची पिशवी, खांद्यावर शाल, काखेत उशी. हैदराबादची गाडी लागताच त्या स्थूल माणसानं गर्दीतून धावत जाऊन खिडकीतून रुमाल आत टाकला आणि तुझ्यासाठी जागा धरली. खिडकीची जागा. मला म्हणाले, "बाई, तुमी बी बसा की तिच्याजवळ, मी उभं ऱ्हातो." बीदरपर्यंत उभे होते. वाटेत दर थोड्या वेळानं तुझ्या अंगावरची शाल नीट करत होते. मी तुझ्याशेजारी बसून त्या शालीकडे बघत होते आणि माझा हेवा तिथून सुरू झाला, औषध अंगात जाण्याआधीच.

ते पिवळं औषध. शिरेतून जाताना तोंडात लोखंड चोखल्यासारखी चव यायची. त्या दिवशी रात्री लॉजवर तुझी बादली अप्पांनी धरली, पाठीवरून हात फिरवला, तोंड पुसलं. माझी बादली मीच धरली. तू उलट्या करता करता माझ्याकडे बघून म्हणालीस की तुझा कंट्रोलर यायला पाहिजे होता. मला तुझा इतका राग आला की उलटी थांबली.

दुसऱ्या दिवशी तुझ्या पोटात काही ठरेना तेव्हा तू माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागून घेतलीस. तेवढीच ठरली. तुझ्या सासूला कळलं असतं तर तिनं तुला आणि डब्याला दोघांनाही चिंच लावून घासून काढलं असतं. तू बोटं चाटत म्हणालीस, "सांगू नको कुनाला, पर पुढच्या बारीला दोन भाकरी जास्ती आन." हे आठवलं की मला तुझा हेवा वाटत नाही. एवढ्यापुरता नाही वाटत.

दुसऱ्या इंजेक्शनानंतर केस जायला लागले. माझे झुपक्यानं गेले. तुझे नुसते फणीत यायला लागले, पण तू ती फणी मांडीवर घेऊन रडत बसलीस आणि अप्पांनी ते पाहिलं. झालं. तिसऱ्या महिन्यात मी उदगीरच्या स्टँडवर उतरले, तर तू नाही, अप्पा नाहीत, रुमाल नाही. मी हैदराबादला एकटी जाऊन आले आणि परतताना डोक्याला फडकं बांधलेली, तोंडाला पदर लावून तशीच तुमच्या दुकानात गेले.

अप्पा गादीवर बसून पोत्यात लोखंडी नळी खुपसत होते, नळीतले तुरीचे दाणे तळहातावर घेऊन निरखत होते. मी विचारलं, महानंदा का आली नाही. ते म्हणाले, गाठ गेली बाई, मी डोळ्यांनी पाहिली, ताटलीत ठेवून दाखवली होती. मग म्हणाले, लातूर आता जिल्हा झालाय, मोठा दवाखाना होणार, हैदराबादची डॉक्टर मंडळी तिथं यायला लागणार, राहिलेली इंजेक्शनं घरच्या घरी घेऊ. तेव्हा तुमच्याकडे सगळ्यांचंच असं चाललं होतं. नवा जिल्हा झाल्यापासून पांढऱ्या गाड्या धूळ उडवत फिरायच्या आणि उदगीरकरांना वाटायचं की आता जे पाहिजे ते लातूरला मिळणार. तू मला चिडवायचीसही, तुमचं नांदेड जुनं झालं म्हणून. अप्पा थापा मारत नव्हते गं. त्यांचा खरोखर विश्वास होता.

मी त्यांच्या मागच्या गोदामाकडे बोट केलं. विचारलं, एक पोतं किडकं निघालं की तुम्ही ते बाहेर काढता, मग उरलेल्या चांगल्या पोत्यांवर ताडपत्री टाकून औषधाच्या गोळ्या का ठेवता?

"डोळ्याला दिसत न्हाईत ते किडे आत आसत्यात म्हणून," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी तळहातावरचे दाणे पोत्यात परत टाकले. माझ्या डोक्यावरच्या फडक्याकडे बघितलं. म्हणाले, "बाई, गोदामाला उलट्या व्हत न्हाईत. गोदाम फणी घिऊन रडत बसत न्हाई."

आतून तू आलीस, तुला हे सगळं ऐकू गेलं होतं. मी तुला खूप बोलले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आठव म्हणाले. तू मला आंबील दिलीस आणि म्हणालीस की त्यांचं तोंड बघवत नाही गं, मला उलटी होते आणि ते जेवत नाहीत. मी म्हटलं, मी घेतेय ना. तू म्हणालीस, "तुला घरी कोण हाय बघायला?" वाईट हेतूनं म्हणाली नव्हतीस. पण ते वाक्य मी मुखेडपर्यंत चघळत आले.

कारण खरंच होतं ते. त्याच आठवड्यात मी घरी म्हणाले होते की आता पुरे, मला नाही सोसत. आमचे हे जेवत होते. त्यांनी मानही वर केली नाही. डॉक्टरांनी सहा सांगितलीत ना, एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं. रजेचा अर्ज मीच लिहायचा, पिशवी मीच भरायची, सकाळी कर्ण्यावर त्यांचा आवाज. तुला तुझ्या माणसानं सोडवलं. मला कुणी सोडवलं नाही. तेव्हा मला वाटायचं की प्रेम म्हणजे काय ते मला तुझ्या घरी बघायला मिळालं आणि माझ्या घरी त्याचं वेळापत्रक लावलंय.

पावसानं त्या साली ओढ दिली होती. मुखेडला विहिरीचा तळ खरवडून पाणी काढायचे, ते गाळून, उकळून, तरी मातीचा वास. आणि मला डॉक्टरांनी सांगितलेलं, पाणी प्या, भरपूर प्या, नाहीतर लघवीला आग होईल. तुमच्या परसात बोअर होता. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक फेरीला तू उदगीरच्या स्टँडवर यायचीस, प्लास्टिकचा कॅन भरून घेऊन. गोड, थंड पाणी. ते माझ्या पायाशी ठेवायचीस आणि मग उभी राहायचीस, केस धुतलेले, वेणी पाठीवर, वेणीत फूल. मी फडकं बांधलेली, ओठ फुटलेले, भुवयासुद्धा गेलेल्या. माझ्या मनात यायचं, ही पाणी द्यायला येते की केस दाखवायला? आणि मी ते पाणी घटाघटा प्यायचे. तुझ्याइतकं मला कुणी पाणी पाजलं नाही आणि तुझ्याइतका राग मला कुणाचा आला नाही. तो कॅन अजून माझ्याकडेच आहे. तू दोनतीनदा मागितलास, मी विसरल्यासारखं केलं. आता देत नाही.

माझी सहावी फेरी झाली तेव्हा मला न्यायला कुणी आलं नव्हतं. तू मात्र स्टँडवर पेढे घेऊन आलीस. मला एकही खाववेना, तोंड आलेलं. तूच खाल्लेस, माझ्यादेखत, मजेत.

पुढची वर्षं तू कशी राहिलीस ते मी बघितलं. लेकीचं लग्न थाटात लावलंस. लातूरला जाऊन नव्या साड्या आणल्यास. एकदा मला म्हणालीस की एवढी मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीसुद्धा नटले नव्हते. मी तपासणीला जायचे, तू जायची नाहीस. मी प्रत्येक वेळी घाबरून जायचे आणि घाबरून परत यायचे. तुला भीतीच वाटत नव्हती. याचाही मला हेवा वाटायचा. लातूरच्या त्या मोठ्या दवाखान्याची गोष्ट हळूहळू कुणी काढेनासं झालं आणि मीही काढली नाही, कारण तू ठणठणीत होतीस. तू बरोबर होतीस आणि मी उगाच स्वतःला जाळून घेतलं, असं मला वाटायला लागलं होतं.

मग तुझी कंबर धरली. घागर उचलल्यानं धरली असेल म्हणून शेकलंस, तेल लावलंस. या वर्षी तुमचा बोअरही आटला, तुलाही टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं, तेव्हा ते पटण्यासारखं होतं. हैदराबादला पुन्हा गेलो तेव्हा मी आपणहून रजा काढून तुमच्यासोबत आले. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि अप्पा बाहेर जाऊन बसले. तू विचारलंस, तेव्हा सगळी घेतली असती तर? डॉक्टर म्हणाले, तसं कुणी सांगू शकत नाही. सगळी घेणाऱ्यांनाही कधी कधी उगवतं. मीही काही लिहून घेऊन आलेले नाही, महानंदा. पण मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि मला माझी पाठ दुखत नाही, हे त्या वेळी फार स्पष्ट जाणवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त काहीतरी होतं आणि मला ते कुठं ठेवावं कळेना.

परतीच्या गाडीत तू पुन्हा खिडकीशी. अप्पा मागच्या बाकावर, शाल मांडीवर, डोळे मिटून. बाहेर काळी रानं भेगाळून पडलेली. मला राहवलं नाही. मी हळू आवाजात म्हणाले की त्यांनी तेव्हा तुला ओढून न्यायला पाहिजे होतं, माझ्या घरच्यांसारखं.

"तुजा कंट्रोलर बरोबर निघाला," तू म्हणालीस, "म्हणून तो चांगला झाला का गं? आन् माजा चुकला म्हणून काय वाईट झाला? मला त्यांनी तवा रडू दिलं न्हाई. मी लई सुखात ऱ्हायले."

मी म्हटलं, सुखात राहून काय करायचं. तू म्हणालीस, तूच सांग, तू तर जगून राहिलीस ना. एवढ्यात उदगीर आलं. आपलं भांडण तिथंच राहिलं. नंतर तू अंथरुणाला खिळलीस आणि मी येत राहिले, पण तेव्हा भांडायचं कुणाशी? तू गुंगीत असायचीस. मी तुझी वेणी घालायचे. इतके दाट केस होते तुझे, की माझ्या हातात मावायचे नाहीत.

तू गेल्याचा निरोप उदगीरच्या गाडीच्या वाहकानं आणला. आमच्या ह्यांनी शाळेत येऊन सांगितलं आणि म्हणाले, सव्वाअकराची आहे, निघ.

तिसऱ्या दिवशी, पाहुणे जेवायला बसले होते तेव्हा, मी मागच्या अंगणात गेले. अप्पा गोदामाच्या दाराशी बसलेले. आत औषध लावलेलं होतं, दार चिखलानं लिंपून बंद केलं होतं. तुझ्या आजारातसुद्धा ते काम राहिलं नव्हतं. त्यांनी मला बसायला पोतं सरकवलं.

मग म्हणाले, "ह्या गोदामाला मी कधी इचारलं न्हाई, बाई, की औषध लावू का म्हणून. तिला इचारलं. ती न्हाई म्हनली." पुढे म्हणाले, "तुमच्या मालकांचा मला लई हेवा वाटतो. कसं पाठवलं त्यांनी तुमाला दर बारीला?"

महानंदा, इतकी वर्षं मी तुझ्या नवऱ्यावरून तुझ्यावर जळले आणि तो माणूस तिथं बसून माझ्या नवऱ्यावर जळत होता. मला त्यांना सांगता आलं असतं की तुम्ही तिच्यावर जीव टाकलात, माझ्याकडे तो टाकायला कुणी नव्हतं म्हणून मी गेले. त्यांच्या खांद्यावर तीच शाल होती.

मुखेडला पोचले तेव्हा स्टँडवर ह्यांची दुसरी पाळी होती. मी उतरताना त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि कर्ण्यावर देगलूरची गाडी सांगितली. घरी आल्यावर खाकी शर्ट खुंटीला अडकवता अडकवता त्यांनी जेवलीस का विचारलं. मी म्हटलं, एक विचारते, खरं सांगा. तेव्हा मी अडूनच बसले असते, रडले असते, पाय धरले असते की मला नाही जायचं, मला सोडवा, तर तुम्ही काय केलं असतं?

त्यांनी विचार केला. खरंच केला, शर्ट हातात धरून.

"गाडी धरून ठिवली आसती," ते म्हणाले. "तू चढूस्तोर."

आणि पाय धुवायला मोरीत गेले. मी मात्र तिथंच उभी राहिले. वऱ्हाडासाठी नाही, आमदाराच्या माणसांसाठी नाही, जन्मदात्या आईसाठी नाही. ऐकलंस ना? पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. खिडकीची जागा आता माझी, पायाशी तुझा कॅन. आता तू जळ माझ्यावर, महानंदा. पुरती जळ.